कंदिलाची काच आणि खिडकीचं तावदान

मराठी घरात काच शिरली ती बहुतेक ठिकाणी कंदिलातून. खिडकीत ती बरीच नंतर चढली. वाड्यांच्या खिडक्यांना लाकडी झडपा आणि गज. झडप लावली की अंधार, उघडली की पाऊस आत. गोव्यातल्या जुन्या घरांनी मात्र निराळीच सोय केली होती. चपट्या, पातळ शिंपल्या चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत बसवायच्या. आत उजेड झिरपतो, ऊन लागत नाही. या शिंपल्यांना ओलं फडकं पुरतं. लिंबू किंवा व्हिनेगर लावलं तर तावदानच विरू लागेल, कारण शिंपला हा चुन्याच्याच जातीचा.

आम्ही देशावरचे लोक काच पुसायला शिकलो ते कंदिलावर. १९०८ साली तळेगाव दाभाड्याला, लोकांकडून पैसा पैसा गोळा करून, पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. १९१६ साली ओगले बंधूंनी औंध संस्थानात, माझ्या माहेराजवळ, कारखाना काढला. त्या जागेला ओगलेवाडी हेच नाव पडलं. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला आणि रोज दिवेलागणीआधी काच पुसणं हे पोरांचं काम झालं. मोठ्यांचा पंजा आत जात नसे ना!

आजीची शिस्त कडक. काच पुरती गार झाल्याशिवाय ओलं बोट लावायचं नाही, नाहीतर तडकलीच. चुलीतली राख फडक्यातून गाळून घ्यायची. खडा राहिला तर ओरखडा उठतो आणि पुढे काच तापली की तिथूनच फुटते. चिमूटभर राख कोरड्या चिंधीवर घेऊन काजळी फिरवून काढायची, मग कागदाच्या बोळ्याने झळाळी आणायची. पाण्याला हातही लावायचा नाही.

लग्न होऊन मी गिरगावात आले आणि खिडकीच्या तावदानांवर हीच कोरडी रीत चालवू लागले. सासूबाईंनी हात धरला. ‘‘अगं, आधी धूळ धुऊन काढ!’’ त्यांचं बरोबर होतं. काजळी मऊ आणि तेलकट. खिडकीवरच्या धुळीत रेतीचे कण. ती कोरडी घासली की काच खरवडते. म्हणून आधी स्वच्छ पाण्याचं फडकं, मग दोन थेंब साबण, पुन्हा साधं पाणी आणि शेवटी वर्तमानपत्राचा बोळा. कागदाचे धागे सुटत नाहीत, म्हणून काच नितळ दिसते. साबण जास्त झाला तर त्याचा थर राहतो. भर उन्हात पुसलं तर पाणी आधीच वाळून पट्टे उमटतात. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग साबणाने हलत नाहीत. ते क्षारांचे, त्यांना पाण्यात मिसळलेलं व्हिनेगरच हवं. शिंपलीचा वैरी तो काचेचा मित्र!

डिसेंबर १९७१च्या युद्धात ब्लॅकआउट होता. आम्ही मैद्याची खळ करून तावदानांवर काळा कागद चिकटवला होता. युद्ध संपलं, पण खळ दगडासारखी वाळली होती. सासूबाईंनी कोमट पाण्यात भिजवलेली जुनी धोतरं तावदानांवर थापून ठेवली. कागद फुगल्यावर लाकडी उलथन्याने अलगद सोलला. एकाही काचेवर रेघ उठली नाही.

त्या काचा खिळे आणि लांबी यांच्या जोरावर उभ्या असत. लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल. काही वर्षांनी ती सुकते, तिचा भुगा होतो. अशा तावदानाला आतून जोर लावला तर काच थेट रस्त्यावर जाते. म्हणून पुसण्याआधी कडांवरून बोट फिरवून बघायची सवय लागली, ती आजही आहे.

आताच्या सरकत्या खिडक्यांना लांबीची भीती नाही, धोका माणसाला आहे. बाहेरची बाजू पुसायला कठड्यावर चढणाऱ्या सुनांना आणि कामवाल्या बायकांना मी सरळ खाली उतरवते. लांब दांड्याचा रबरी वायपर आणावा, नाहीतर पट्टा बांधून काम करणारी माणसं बोलवावीत. आणि अमोनियाचं द्रावण व ब्लीच एकाच बादलीत कधी ओतू नये. विषारी वायू निघतो. बाहेरून काच दोन महिने मळकी राहिली तर कुणाचं काही बिघडत नाही.