अर्धवट राहिलेली दोन स्वयंवरे

वऱ्हाडातील ज्या जिल्ह्याचे नाव 1905 पर्यंत सरकारी दप्तरी वणी असे चालत असे, त्याच्या मुख्य ठाण्यात, म्हणजे यवतमाळात, वकिली करणारे यशवंत खुशाल देशपांडे (1884–1970) यांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग ज्या पोथ्यांच्या शोधात वेचला, त्या पोथ्या वस्तुतः हरवलेल्या नव्हत्याच. महानुभाव पंथाच्या मठांतून त्या पिढ्यान् पिढ्या पूजिल्या जात होत्या, परंतु सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या असल्यामुळे अनुपदिष्टास त्यांतील एक अक्षरही लागत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे पहिले प्रकरण नव्याने लिहिणे प्राप्त झाले. अस्सल आणि नक्कल यांतील भेद ओळखणे हाच ज्यांचा धंदा, त्या देशपांड्यांनी 1925 साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ सिद्ध केले, आणि यवतमाळसारख्या आडबाजूच्या गावी शारदाश्रम ही संशोधनसंस्था उभी केली. पुण्याच्या पंडितांस याचे थोडे नवलच वाटले असेल!

या पोथ्यांत अपुरेपणाच्या कथा विपुल आहेत. देवगिरीच्या रामदेवरायाने नरेंद्रकवीचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ ऐकले आणि ओवीमागे सोन्याचा टंक देऊ करून ते स्वतःच्या नावे मागितले. कवीने नकार दिला, पण ग्रंथ राजाकडेच राहिला. तेव्हा दुरुस्तीच्या निमित्ताने एका रात्रीपुरती पोथी मागून घेऊन नरेंद्राने आपल्या भावांसह जेवढ्या ओव्या उतरून काढल्या, तेवढ्याच, म्हणजे सुमारे नऊशे, पंथाच्या हाती आल्या, असे सांप्रदायिक परंपरा सांगते. गंमत अशी की, पंथाच्या ‘साती ग्रंथां’त, म्हणजे त्याने मानलेल्या सात काव्यग्रंथांत, हे खंडित काव्य मानाने बसले.

महदाइसा या महानुभाव कवयित्रीचे ‘धवळे’, म्हणजे लग्नगीते, हेही आधी अर्धेच राहिले होते. विषय तोच, रुक्मिणीचा विवाह. ऋद्धिपुरास पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांनी स्वतःच्या लग्नाचा हट्ट धरला असता तिने पूर्वार्ध उत्स्फूर्तपणे गायिला, आणि उत्तरार्ध पुढे आग्रहावरून रचला. देशपांड्यांनी 1935 साली ‘आद्य मराठी कवयित्री’ या ग्रंथाने तिला मराठी वाचकांपुढे मानाने उभे केले.

समोर असूनही न दिसलेल्या हस्तलिखिताचे असेच एक उदाहरण परदेशातही आहे. फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष होसे रिझाल 1896 साली बंदुकांसमोर गेले. त्यांची तागालोग भाषेतील अपूर्ण कादंबरी ‘माकामिसा’ इतिहासकार अंबेथ ओकाम्पो यांना 1987 साली मनिलाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आढळली. तीही तेथे नोंदलेलीच होती, फक्त रिझालांच्याच दुसऱ्या कादंबरीचा खर्डा म्हणून. दप्तर समोर असून मजकूर न दिसावा, हा प्रकार मठांइतकाच ग्रंथालयांतही संभवतो. भेद एवढाच की, मनिलास नोंद चुकली होती, तर आपल्याकडे मजकूर जाणूनबुजून झाकलेला होता. आणि मला तरी हे झाकणेच पोथ्यांच्या पथ्यावर पडले असे वाटते, कारण बाहेरच्यास न वाचता येणारा ग्रंथ त्याला बदलताही येत नाही.

नरेंद्राच्या काव्याची नऊशे ओव्यांहून पुष्कळ दीर्घ प्रत मागाहून उपलब्ध झाली. एका रात्रीच्या नकलेची कथा त्यामुळे अडचणीत आली खरी. परंतु राजाज्ञेस नाही म्हणणाऱ्या कवीची ती कथा महानुभावांनी टाकून दिलेली नाही.