रांजणाचे दुसरे भोक

वाचकहो, दिवाळी अंकात इतिहास म्हटला की गडकोट आणि तलवारी डोळ्यांपुढे येतात. मी मात्र आज अवघ्या बारा-तेरा सेकंदांचा इतिहास सांगणार आहे. त्यात आम्ही यवतमाळकरही सापडलो होतो. कुणाला पत्ता लागला नाही, इतकेच.

सोमवार, 23 फेब्रुवारी 1987. दुपारचा एक वाजून पाच मिनिटे झाली होती. सुमारे 1 लाख 68 हजार प्रकाशवर्षे दूर, मोठ्या मॅगेलन मेघात फुटलेल्या एका ताऱ्याची वार्ता त्या क्षणी पृथ्वीवर पोचली. तो तारा तेव्हा यवतमाळच्या क्षितिजाखाली होता. तरी त्याचे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण पृथ्वी भेदून, आमच्या काळ्या जमिनीतून वर आले आणि प्रत्येकाच्या अंगातून अब्जावधींनी निघून गेले. न्यूट्रिनो सहसा कशालाच अडत नाही.

पण कुठे कुठे पहारा होता. जपानात कामिओकाच्या खाणीतील 3,000 टन पाण्याच्या टाकीत 11 कण सापडले; अमेरिकेतील मिठाच्या खाणीत 8, काकेशस पर्वताखाली 5. असला पहारा आपल्यालाही नवा नव्हता. 1965 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरांहून खोल, वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो टिपले होते.

आता खरी गंमत. 1978 साली वाइनबर्ग आणि विल्चेक यांनी अ‍ॅक्सियन नावाचा कण कल्पिला. एक अवघड कोडे तो धुऊन काढील, म्हणून विल्चेकने त्याला धुण्याच्या पावडरीचे नाव दिले! विश्वातील अदृश्य द्रव्य याच कणांचे असेल, असेही पुष्कळांना वाटते. मात्र तो अद्याप कुणाच्या हाती लागलेला नाही.

ताऱ्याने त्याची झडती कशी घेतली? एका भोकाचा रांजण किती वेळात रिकामा होईल, हे आपल्याला ठाऊक असते. तो त्याहून लवकर आटला, तर दुसरे भोक आहे असे समजावे. फुटत्या ताऱ्याच्या गाभ्यातील उष्णता न्यूट्रिनो हळूहळू बाहेर नेतात. अ‍ॅक्सियनांनीही ती पळवली असती, तर न्यूट्रिनोंची धार लवकर तुटली असती. कामिओकात ती बारा सेकंदांहून अधिक टिकली. म्हणजे अ‍ॅक्सियन असलाच, तर त्याचे पदार्थाशी नाते फारच क्षीण असले पाहिजे.

पण हा सारा निवाडा दोन डझन कणांच्या साक्षीवर उभा आहे. त्यावर वाद चालणारच. आपल्याच आकाशगंगेतला तारा फुटताना नुसत्या डोळ्यांनी दिसल्याची शेवटची नोंद 1604 सालची. आज जपानात 50,000 टनांची टाकी सज्ज आहे. तसा तारा फुटल्यास ती हजारो कण टिपील. कोलारचा पहारा मात्र उठला आहे.

फराळ आटोपल्यावर, रात्री उशिरा पूर्वेकडे मृग नक्षत्र उगवेल. त्यातली तांबूस काक्षी मुलांना अवश्य दाखवा. ती एक दिवस फुटणार, हे निश्चित. उद्या की लाख वर्षांनी, एवढाच प्रश्न.