शहाजीराजांच्या पश्चात

पाऊस उघडला, गगनगडावरचे धुके विरले आणि दिवाळी तोंडावर आली, की मुंबईला, पुण्याला, इचलकरंजीला पोटापाण्यासाठी गेलेले भाऊ आमच्या गगनबावड्याला परततात. फराळ होतो, पोरे फटाके उडवतात, आणि बहुधा पाडव्याच्या संध्याकाळी माजघरातले आवाज एकाएकी हळू होतात. वाटणीचा विषय निघालेला असतो. कागद लिहायला शाळामास्तर बरा, म्हणून अशा पुष्कळ घरी मला बोलावणे आले आहे. तक्रार जमिनीच्या गुंठ्यांपासून सुरू होते आणि थोड्याच वेळात ‘मला कुणी विचारले नाही’ इथे येऊन अडते. मग कागद तसाच राहतो, चहा होतो आणि मी घरी येतो. येताना दरवेळी मला एका जुन्या वाटणीची आठवण होते. ती होती शहाजीराजांच्या दौलतीची.

बापाने जिवंतपणी लिहून ठेवले असते तर हे झालेच नसते, असे आपण सहज म्हणतो. इंग्लंडात ट्यूडर राजांच्या अमदानीत, म्हणजे १४८५ ते १६०३ या काळात, लंडनचे व्यापारी तसे लिहून ठेवीत. त्या शहराचा रिवाज मोठा सोपा होता. मयताच्या चीजवस्तूचे आणि रोकडीचे तीन भाग करायचे. एक विधवेचा, एक मुलाबाळांना सारखा वाटून, आणि तिसरा ज्याचा त्याने मर्जीप्रमाणे द्यावा. त्या काळचा सर्वांत नावाजलेला सावकार सर टॉमस ग्रेशॅम १५७९ साली वारला. एकुलता मुलगा त्याच्याआधीच, १५६४ साली, गेला होता. ग्रेशॅमने आपले राहते घर आणि स्वतः उभारलेल्या ‘रॉयल एक्स्चेंज’ या व्यापारपेठेचे उत्पन्न हयातभर पत्नीला दिले, आणि तिच्या पश्चात त्यातून सात अध्यापकांनी शहरात व्याख्याने द्यावीत अशी व्यवस्था केली. पत्नी १५९६ साली वारली आणि पुढल्याच वर्षी व्याख्याने सुरू झाली. कागद असला म्हणजे हे असे बिनबोभाट होते.

आपल्या धर्मशास्त्रात मात्र मृत्युपत्राला जागाच नव्हती. कल्याणीच्या चालुक्यांच्या पदरी असलेल्या विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. तिच्या मते मुलाचा वडिलार्जितात हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. जे जन्माबरोबर मिळाले ते बापाने लिहून काय द्यायचे! भावाभावांचा हिस्सा सारखा. ज्याने स्वतःच्या हिमतीवर, वडिलार्जिताला धक्का न लावता मिळवले, ते मात्र त्याचे एकट्याचे. घरोघरचे तंटे पुष्कळदा याच रेघेवर उभे असतात. वडिलार्जित कुठे संपते आणि स्वकष्टार्जित कुठे सुरू होते?

शहाजीराजे २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून वारले. थोरले चिरंजीव संभाजीराजे आधीच कनकगिरीला कामी आले होते. मागे राहिले दोघे. जिजाऊसाहेबांचे शिवाजीमहाराज इकडे पुण्याच्या जहागिरीत वाढले, आणि तुकाबाई मोहित्यांचे व्यंकोजीराजे तिकडे बंगळुरास वडिलांजवळ. बंगळूर विजापूरकरांनी १६३८ साली घेतले होते आणि पुढे ते शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. राजे गेल्यावर ती जहागीर, फौज, जडजवाहीर, सगळे जवळ असलेल्या धाकट्याच्या हाती राहिले. पुढे १६७५च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरही घेतले.

तेरा वर्षे महाराज काही बोलले नाहीत. त्यांना सवड कुठे होती? अफझलखान, शाइस्ताखान झाले होते. पुढे पुरंदरचा तह, आग्रा, राज्याभिषेक. १६७७ साली ते दक्षिणेत उतरले. भागानगरास कुतुबशाहाची भेट झाली, मे महिन्यात जिंजी हाती आली, आणि जुलैत कोलेरून नदीच्या उत्तरेस तिरुमलवाडीला मुक्काम पडला. त्यांच्याबरोबर रघुनाथ नारायण हणमंते होते. ‘राज्यव्यवहारकोश’ ज्यांच्या नावावर आहे तेच हे. त्यांचे वडील नारो त्रिमल शहाजीराजांचे कारभारी. घरचे दप्तर ज्याच्या हातून गेले असा माणूस वाटणीच्या वेळी कोणत्या बाजूला बसतो याला फार महत्त्व असते. हणमंते व्यंकोजीराजांशी बिनसून थोरल्या पातीकडे आले होते.

महाराजांनी धाकट्या भावाला भेटीस बोलावले. काही दिवस जेवणखाण, गोडबोलणे झाले. मग विषय निघाला. तीर्थरूपांची दौलत तेरा वर्षे तुम्ही एकट्याने खाल्लीत; आमचा अर्धा हिस्सा द्या. व्यंकोजीराजांच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते, हे आपण मोकळेपणी मान्य केले पाहिजे. जहागीर बादशहाची, चाकरीसाठी दिलेली. तंजावर तर स्वतःच्या मनगटावर मिळवलेले. शिवाय पुणे-सुपे हीदेखील शहाजीराजांचीच जहागीर होती आणि ती थोरल्याकडे होतीच. पण हे सगळे समोरासमोर बसून मांडण्याचा धीर त्यांना झाला नाही. एके रात्री तराफ्यावर बसून ते नदी उतरून तंजावरास निघून गेले.

मला या प्रकरणात या रात्रीचे फार वाटते. थोरल्याच्या छावणीत धाकटा पाहुणा होता. त्याला धरून ठेवायचे महाराजांच्या मनात असते तर पहारे बसले असते. तो तसा पळून गेला याचे महाराजांना वाईट वाटले. त्यांनी राहिलेल्या कारभाऱ्यांना आधी अडकवले, पण मग वस्त्रे देऊन परत पाठवले. तंजावरला हात लावला नाही. कोलेरूनच्या उत्तरेचा मुलूख मात्र घेतला, आणि परतीच्या वाटेवर कोलार, होसकोट, बंगळूर ही वडिलांची ठाणीही घेतली. जिंजीकडे संताजी भोसल्यांना ठेवले. हे शहाजीराजांचे नाटकशाळेपासून झालेले पुत्र, म्हणजे तिसरे भाऊच.

महाराजांची पाठ फिरताच व्यंकोजीराजांनी फौज काढली. नोव्हेंबर १६७७मध्ये वालिकोंडपुरम येथे लढाई झाली. एका बाजूला व्यंकोजीराजे. दुसऱ्या बाजूला संताजी, हणमंते आणि सरनोबत हंबीरराव, आणि हंबीरराव तर व्यंकोजीराजांच्या आजोळच्या मोहिते घराण्यातलेच. दिवसा धाकट्यांची सरशी झाली. रात्री संताजींनी छापा घातला आणि पारडे फिरले.

इथवरची गोष्ट कुठल्याही वाड्यात घडते तशीच आहे. पुढची निराळी आहे. बखरकार सांगतात, की पराभवाने खचून बसलेल्या व्यंकोजीराजांना त्यांच्या पत्नी दीपाबाईसाहेबांनी समजावले. थोरले दीर आहेत, कुळाचा लौकिक त्यांनी वाढवला आहे, त्यांच्याशी वैर धरून काय मिळवायचे? रघुनाथपंत घरचे जुने माणूस, त्यांनाच बोलावा आणि त्यांच्यामार्फत बोलणे लावा. पंत आले, बोलणे झाले, एकोणीस कलमांचा तह ठरला. तंजावर व्यंकोजीराजांकडे राहिले. जिंजी महाराजांनी ठेवली. आणि बंगळूर, होसकोट व शिरेंकोट हा दोन लाख होनांचा, नीट राखला तर पाच लाखांचा मुलूख महाराजांनी दिला. कोणाला? भावाला नाही. भावजयीला, चोळीबांगडीसाठी! तिच्यामागे तो लेकींकडे जावा, मुलग्यांनी फक्त कारभार पाहावा, असेही कलम होते.

या कलमातले शहाणपण वाटणीच्या बैठकीत बसलेल्या माणसाला चटकन कळेल. तोच मुलूख महाराजांनी धाकट्याला परत केला असता तर हक्काचा निकाल दिल्यासारखे झाले असते. मग तेरा वर्षांच्या मागणीला अर्थ काय उरला? आणि धाकट्याने तो घेतला असता तर हरून पदर पसरल्यासारखे दिसले असते. चोळीबांगडीला हिशेब नसतो. ती दिराने द्यायची, वहिनीने घ्यायची. तिच्यावर पंच बसत नाहीत. स्त्रीधनाचा वारसा लेकीकडे जातो हे धर्मशास्त्राचे जुनेच म्हणणे. महाराजांनी ते बंगळुरासारख्या ठाण्याला लावले. आपल्याकडे मुलींना वडिलार्जितात मुलग्यांबरोबर हिस्सा महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या कलमाचे नवल अधिकच वाटते.

तह झाला तरी व्यंकोजीराजांचे मन उभारी धरीना. ते उदास झाले, कारभारात लक्ष घालीनात. तेव्हा महाराजांनी पत्र लिहून त्यांची कानउघाडणी केली, की विरक्ती घेऊन बसायचे हे वय नव्हे, काही करून दाखवा. हे पत्र मागणीच्या पत्रांहून मला थोर वाटते. हिस्सा मागणारे भाऊ खूप असतात.

दीपाबाईंचा मुलूख मात्र फार दिवस राहिला नाही. १६८७ साली व्यंकोजीराजांच्या घराने बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवरायाला तीन लाखांस विकायचे ठरवले. तेवढ्यात मोगलांच्या कासीमखानाने ते घेतले आणि तेवढ्याच रकमेला त्याच चिक्कदेवरायाला दिले. दीपाबाईंचे तिन्ही मुलगे, शहाजी, सरफोजी आणि तुकोजी, पाठोपाठ तंजावरच्या गादीवर बसले. आईच्या पोटी आलेल्या तिघांत तिथे वाटणी झाली नाही.

इकडे मात्र झाली. सभासद लिहितो, की पन्हाळ्यावर महाराजांनी शंभूराजांपुढे वाटणीचा विचार मांडला. तुंगभद्रेपासून कावेरीपर्यंत एक राज्य, तुंगभद्रेच्या अलीकडे गोदावरीपर्यंत दुसरे. एक तुम्हांस, एक राजारामास. पण ३ एप्रिल १६८० रोजी महाराज गेले आणि तो विचार जागेवरच राहिला. १६८९ साली रायगड पडायच्या बेतात आला तेव्हा राजाराममहाराज गेले ते कुठे? जिंजीला, वाटणी मागायला गेलेल्या बापाने घेऊन ठेवलेल्या त्याच किल्ल्यात. मागे इकडचा मुलूख सांभाळायला हुकुमतपन्हा म्हणून राहिले रामचंद्रपंत अमात्य, आमच्या बावड्याच्या अमात्य घराण्याचे मूळपुरुष. पुढे त्यांनी कोल्हापूरच्या गादीचा पक्ष घेतला. सातारा आणि कोल्हापूर या चुलतभावांचा तंटा चालतच राहिला, आणि १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह होऊन मिटला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे आला, त्यात आमचा घाटही आला.