रापीची धार

जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत वेळूकाम करणारे, कांस्यकार आणि धान्यव्यापारी यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपावर विधिक नावाच्या चर्मकाराचे दान कोरलेले आहे. दगडाने माणसांची नोंद ठेवली. त्यांच्या हत्यारांची नाही.

चांभाराचे असे हत्यार म्हणजे रापी. रुंद, चपट्या पात्याची ही रापी कातड्याची कड मासाच्या बाजूने तासून पातळ करते. कड जाड राहिली तर दुमड बसत नाही, शिवण उंचावते आणि वहाण पायाला लागते. ती फार पातळ झाली तर टाका कातडे फाडून निघतो. या दोहोंमधले अंतर धारेवर अवलंबून. पाते घडवून त्याला पाणी देणे हे लोहाराचे काम. ते दगडावर पाजळणे आणि चामड्याच्या पट्टीवर फिरवून धार नितळ करणे हे चांभाराचे.

जुन्नर-आंबेगावच्या गावगाड्यात हे दोघेही बलुतेदार. बलुत्याची व्यवस्था त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात सविस्तर आली आहे. खळ्यावरचा वाटा असा लेखनात आला. पाते दगडाशी किती तिरपे धरावे, हे मात्र हातातून हातातच गेले. लिहिणारा हात आणि तासणारा हात जातीने वेगळे ठेवले, त्याची ही किंमत. हातकागदासाठी प्रसिद्ध असलेल्या जुन्नरातही हे ज्ञान कागदापर्यंत पोचले नाही. आपल्या वाङ्मयेतिहासाने निदान ही उणीव ओळखावी.