चवळीच्या पेशीतले स्थलांतर

वनस्पतीच्या श्वसनाला लागणारी बहुतेक प्रथिने केंद्रकातल्या जनुकांवरून घडतात आणि मग तंतुकणिकेत पोचतात. काही मोजकी जनुके मात्र तंतुकणिकेतच राहिली. सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या दुसऱ्या घटकाचे जनुक, कॉक्स२, त्यांपैकीच एक. चवळी आणि मूग यांच्यात मात्र ते तंतुकणिकेत सापडत नाही. ते केंद्रकात आहे. तिथे ते कसे गेले, याचे पुरावे आजच्या वनस्पतींच्या डीएनएत आहेत.

पहिला महत्त्वाचा दुवा १९८१चा. फॉक्स आणि लीव्हर यांनी मक्याचे कॉक्स२ वाचले. इतर सजीवांत जिथे ट्रिप्टोफॅन असते, त्यांतल्या काही जागी मक्यात सीजीजी हा संकेत होता. रूढ नियमाने त्याचा अर्थ आर्जिनिन. मक्याच्या तंतुकणिकेत या संकेताचा अर्थ वेगळा असावा, असे अनुमान त्यांनी काढले. हाती केवळ डीएनए असताना ते रास्तच होते. १९८९मध्ये तीन संशोधक गटांनी खुलासा केला: आरएनए तयार झाल्यावर त्यातला ठरावीक सी बदलून यू होतो. सीजीजीचा यूजीजी होतो, म्हणजे ट्रिप्टोफॅनच.

या शोधामुळे स्थलांतराची वाट उलगडली. १९९१मध्ये न्यूजंट आणि पामर यांना दिसले की, शेंगावर्गीयांच्या केंद्रकातले कॉक्स२ तंतुकणिकेतल्या मूळ डीएनएपेक्षा दुरुस्त झालेल्या आरएनएशी अधिक जुळते. नकलेत मूळ पोथीवरच्या दुरुस्त्याही उतरल्या असतील, तर ती नक्कल दुरुस्तीनंतरची, हे उघड आहे. आरएनएवरून पुन्हा डीएनए बनला आणि तो केंद्रकात रुजला, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यांची इतर दोन अनुमाने मात्र पुढे बदलावी लागली. स्थलांतर ६ ते २० कोटी वर्षांपूर्वीचे असावे, आणि दोन्ही प्रती एकाच वेळी कार्यरत असल्याचा पुरावा नाही, असे त्यांनी नोंदवले होते. १९९९मध्ये ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी ३९२ वंशांत (जीनस) तंतुकणिकेतले जनुक शोधले. शेंगावर्गीयांच्या २५हून अधिक वंशांत दोन्ही प्रती तपासल्या. स्थलांतर शेंगावर्गीयांच्याच इतिहासातले, पूर्वीच्या अंदाजापेक्षा अलीकडचे ठरले. सात वनस्पतींत दोन्ही प्रतींचा आरएनए बनत होता. पुढे कुठे केंद्रकातली प्रत निकामी झाली, कुठे तंतुकणिकेतली. दोन्ही बाजूंना असे साधारण ३ ते ५ वेळा घडले.

हा आकडाच सर्वांत मोलाचा. केंद्रकातली जागा खरोखर सरस असती, तर तिथली प्रत इतक्या वेळा गमावली गेली नसती. म्हणून मुगात आज केंद्रकातले जनुक उरले, एवढ्यावरून त्याला प्रगतीची पायरी म्हणता येत नाही. दोन चालत्या प्रतींपैकी एक बंद पडली आणि दुसरीने काम चालू ठेवले, इतकेच हा पुरावा सांगतो.