विणकराचा खांदा आणि पिवळा बाम

सोलापुरात सात रस्त्यावरच्या मेडिकलमध्ये संध्याकाळी अंगदुखीवर काहीतरी मागणारे गिऱ्हाईक हमखास येते. त्यात नवल नाही. हे शहर अंगमेहनतीवर वाढले. 1877 मध्ये इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात घरोघरी माग घातले, बायका विड्या वळू लागल्या.

खड्ड्याच्या मागावर पाय पावड्या दाबतात, एक हात धोटा फेकतो, दुसरा फणी ठोकतो. दिवसभर तेच. संध्याकाळपर्यंत खांदा भरून येतो. दुखावलेल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात आणि त्यामुळे तिथल्या मज्जातंतूंची टोके हळवी होतात. मग नुसता हात लागला तरी कळ उठते.

असल्या दुखण्यावर एका तेलुगू माणसानेच मुंबईत औषध काढले. काशिनाथुनी नागेश्वरराव यांनी 1893 मध्ये 'अमृतांजन' बाजारात आणले. सुरुवातीला हा पिवळा बाम ते गाण्याच्या मैफलींत फुकट वाटत. पुढे बामाच्या कमाईच्या बळावर त्यांनी 1908 मध्ये मुंबईतूनच 'आंध्र पत्रिका' हे साप्ताहिक सुरू केले.

बाम गुण का देतो, हे उलगडायला मात्र शंभरावर वर्षे गेली. चोळल्यावर बरे का वाटते, याचे उत्तर मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये मांडले: स्पर्शाचे संदेश पाठीच्या कण्यातच वेदनेची वाट अडवतात. बाममधल्या मेंथॉलचे गूढ 2002 मध्ये सुटले. थंडी ओळखणारा मज्जातंतूंवरचा रेणूच मेंथॉल जागा करते. कातडी थंड झालेली नसते, पण मेंदूला तसे कळते. खांद्याची झीज तशीच राहते, निरोप तेवढा बदलतो. अर्थात, दिवसभर राबलेल्या माणसाला तासभर झोप लागणे ही लहान गोष्ट नव्हे.

गोळीची तऱ्हा वेगळी. अ‍ॅस्पिरिन 1899 पासून विकली जात होती. ती प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही, हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवले. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक याच घराण्यातली. पण जठराचे अस्तर जपण्याचे कामही प्रोस्टाग्लँडिनच करतात आणि गोळीला खांदा व जठर यांतला फरक कळत नाही. मान आखडली म्हणून रोज स्वतःच्या मनाने गोळी घेणाऱ्या विडी कामगार बाईला हे कुणीतरी समजावून सांगायलाच हवे: अशाने जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, आणि मूत्रपिंडांनाही इजा पोहोचू शकते.