गळवाचा निचरा

गळवाचा निचरा ही शरीरात एका जागी साठलेला पू छेद देऊन किंवा सुईने बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया आहे. जंतुसंसर्गामुळे ऊतींमध्ये तयार झालेल्या, पुवाने भरलेल्या पोकळीस गळू म्हणतात. त्वचेवरील बहुतेक गळवे स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूमुळे होतात.

तत्त्व

पू हा मृत श्वेतपेशी, जंतू व नष्ट झालेल्या ऊती यांचे मिश्रण असतो. पुवाच्या पोकळीत रक्तपुरवठा नसल्याने प्रतिजैविके तेथे पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत. त्यामुळे निचरा हाच मुख्य उपचार ठरतो व औषधे त्यास पूरक असतात. अमेरिकेत झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निचऱ्यानंतर प्रतिजैविक दिलेल्यांपैकी ८०.५ टक्के, तर औषधाविना ठेवलेल्यांपैकी ७३.६ टक्के रुग्ण बरे झाले.

छेदाची वेळ महत्त्वाची असते. सुश्रुतसंहितेत शोथाच्या आम, पच्यमान व पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या असून, कच्चा शोथ कापणारा आणि पिकलेला शोथ न ओळखणारा, असे दोन्ही वैद्य दोषी मानले आहेत.

कृती

सूज दाबल्यावर आतील द्रव हलल्याचे जाणवल्यास गळू पिकले असे समजतात. शंका असल्यास सोनोग्राफी करतात. जागा बधिर करून सर्वांत मऊ भागी पुरेसा लांब छेद देतात, आतील पडदे मोडून सर्व कप्पे मोकळे करतात व पोकळी सलाइनने धुतात. काख, मान अशा ठिकाणी रक्तवाहिन्या व मज्जातंतू वाचविण्यासाठी हिल्टन पद्धतीने केवळ त्वचा कापून पुढे बोथट चिमटा वापरतात. जखम सहसा शिवत नाहीत. ती तळापासून भरून यावी लागते. छेद अपुरा पडल्यास पू पुन्हा साठतो.

अपवाद

क्षयजन्य थंड गळू उघडे कापल्यास दीर्घकाळ वाहणारी जखम राहू शकते. म्हणून ते सुईने रिकामे करून क्षयरोगाची औषधे देतात. अमीबाजन्य यकृतगळू बहुधा मेट्रोनिडाझोलने बरे होते. स्तनातील गळवात सुईने पू काढणे अनेकदा पुरते आणि स्तनपान सहसा चालू ठेवता येते.

महाड व पोलादपूर परिसरातील संदर्भ

रायगड जिल्ह्यातील या डोंगराळ तालुक्यांत भातशेती प्रमुख आहे. लावणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी काम करताना काटा रुतणे, नख दुखावणे अशा लहान जखमांतून नखुरडे किंवा तळपायाचे गळू होऊ शकते. अशा वेळी निचऱ्यासोबत धनुर्वाताची लस व रक्तशर्करेची तपासणी आवश्यक असते, कारण मधुमेहात संसर्ग वेगाने पसरतो.

कोकणात सर्पदंशाची सूज गळवापासून वेगळी ओळखणे विशेष महत्त्वाचे आहे. फुरसे किंवा घोणस चावल्यास रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. त्या सुजेवर छेद दिल्यास रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. दंशाच्या जागी पुढे पू झालाच, तर प्रतिविष देऊन व रक्त गोठत असल्याची खात्री करूनच निचरा करतात. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर (पद्मश्री, २०२२) हे विंचूदंश व सर्पदंशावरील संशोधनासाठी ओळखले जातात.

धोक्याची लक्षणे

थंडी वाजून ताप, वेगाने पसरणारी लाली, बधिरता किंवा काळी पडणारी त्वचा दिसल्यास तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक असते. चेहऱ्यावरील, विशेषतः नाक व वरच्या ओठाभोवतीचे गळू घरी पिळू नये. तेथील शिरांवाटे संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. बिब्बा लावणे, डाग देणे किंवा घरच्या सुईने फोडणे यांमुळे पू पूर्ण निघत नाही व नवी जखम मात्र होते.